मोराच्या कागदाचा चपटा डबा

सगळ्यात जास्त देणं मी माझ्या आत्याचं लागतो. ती माझ्या वडिलांची धाकटी बहीण. सोलापुरात एका टॉवेलच्या कारखान्यात पॅकिंगला जाते. आमच्या घराण्यात पदवीधर झालेला मी पहिला, पण ती पदवी माझ्या आधी आत्याला दिसली होती. हे मी मायेपोटी वाढवून सांगत नाही. पदवीचा कागद ठेवायचा डबा तिनं माझं कॉलेजात नाव घातलं त्याच आठवड्यात करून फळीवर ठेवला होता.

डबा म्हटलं की स्टीलचा किंवा पत्र्याचा डोळ्यांपुढे येतो. आत्याचे डबे पुठ्ठ्याचे. कारखान्यात सूत ज्या खोक्यांतून येतं ती खोकी फाटली की मालकाला विचारून ती घरी आणायची. त्यांचे पट्टे कापायचे, दाभणानं शिवायचे आणि मैद्याच्या खळीनं वरून रंगीत कागद चढवायचा. खळ शिजवताना त्यात चिमूटभर मोरचूद टाकायचा, म्हणजे झुरळं कागद खात नाहीत. रंगीत कागद गल्लीच्या तोंडाशी असलेल्या छापखान्यातून यायचा. तिथं चादरींवर लावायची लेबलं छापत. छापताना कधी लाल रंग जरा सरकायचा आणि मोराची चोच त्याच्या मानेवर यायची. कधी हत्तीला दोन पाठी दिसायच्या. असे वाया गेलेले मोठे कागद छापखान्यातला माणूस आत्यासाठी बाजूला ठेवायचा. न कापलेला अख्खा कागद, त्यावर ओळीनं मोरच मोर.

आत्या म्हणायची, "एक मोर चुकला तर चूक दिसती. समदेच चुकले की नक्षी हुती."

घर दीड खोलीचं. कपाट नव्हतं. जे काही होतं ते फळीवरच्या डब्यांत. आत्याला वाचता येत नाही, म्हणून डब्यांवर नावं नव्हती, चित्रं होती. हत्तीच्या डब्यात तिच्या यजमानांचे कपडे, कमळाच्या डब्यात आत्याच्या बांगड्या, जुन्या लग्नपत्रिका चिकटवलेल्या डब्यात औषधं आणि सुई-दोरा. पत्रिकेवरचा गणपती ती वेगळा कापून झाकणाच्या मधोमध लावायची. देव बाजूला लावायचा नाही, तळाला तर नाहीच नाही.

आत्याच्या यजमानांना आम्ही मामा म्हणतो. ते यंत्रमागावर कामाला. मागाच्या खटखटाटात आयुष्य गेल्यामुळे त्यांचं कानात सांगणंसुद्धा शेजारच्या घरात ऐकू जायचं.

"ह्या घरात डब्याला जागा हाय, माणसाला न्हाय," ते म्हणायचे. "मी गेलो की मला बी एका डब्यात घाल. वरनं हत्तीचा कागद लाव."

"तुमच्या मापाचा पुठ्ठा कुटं घावायचा?" आत्या हातातलं काम न थांबवता म्हणायची.

माझे वडील मोहोळच्या मार्केट यार्डात हमाली करतात. बारावी झाल्यावर तेच मला एसटीनं सोलापूरला घेऊन आले. सोबत घरच्या तुकड्यात पिकलेल्या ज्वारीची पिशवी होती. चहा झाल्यावर ते म्हणाले, "तीन वर्सं. ह्यात एकदा जरी नापास झाला, तर माज्यासंगं पोत्याला खांदा द्यायला यायचं. मग हितं ऱ्हायचं न्हाय." ते रागानं बोलले नाहीत. बाजारात भाव सांगावा तसं त्यांनी ते सांगितलं.

आत्यानं चहाच्या कपबशा गोळा केल्या. तिनं विचारलं, "बीएचा कागद केवढा असतो रं?"

आमच्यापैकी कुणालाच ते माहीत नव्हतं. पदवीचं प्रमाणपत्र आमच्या कुळात कुणी पाहिलेलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी कामावरून येताना आत्या मागच्या गल्लीत शिकवणी घेणाऱ्या बाईंकडे गेली. टॉवेलाचं सूत त्यांच्या प्रमाणपत्राच्या कडेला धरलं, लांबीला एक गाठ मारली, रुंदीला एक गाठ मारली आणि माप घरी आणलं. त्या मापावर तिनं एक चपटा डबा केला. वरून मोराचा कागद लावला. आतून जुनं वर्तमानपत्र लावलं. आतून कागद लावला नाही तर पुठ्ठा बाहेरच्या बाजूला वाकतो.

"एका अंगानंच लाड केलं की वाकडं हुतंय," ती म्हणाली. "पुठ्ठा बी आन् पोरगं बी."

डबा सुकल्यावर तिनं वडिलांनी आणलेल्या पिशवीतली चिमूटभर ज्वारी त्यात टाकली आणि झाकण लावलं. आमच्याकडे रिकामा डबा घरात ठेवत नाहीत.

"कागद येईपातूर हे दाणे राखण करतील," ती म्हणाली आणि डबा सगळ्यांत वरच्या फळीवर ठेवला.

मलाही एक डबा मिळाला. कागद मी निवडायचा होता. मी घोडे निवडले. माझे दोन शर्ट, वह्या, आईनं दिलेला कंगवा, सगळं त्यात बसलं. घोड्यांचा डबा मामांच्या हत्तीशेजारी बसला, तेव्हा आत्या एवढंच म्हणाली, "ज्याचा डबा फळीवर, त्यो घरचा." शहरात परकं वाटतं म्हणतात. त्या एका वाक्यामुळे मला ते कधी वाटलं नाही.

चपट्या डब्यातली ज्वारी दर वर्षी बदलायची. गावाकडून नवी ज्वारी आली की जुने दाणे चिमण्यांना आणि नवे डब्यात. त्या वेळी झाकण उघडलेलं मी पाहायचो. आत फक्त दाणे असायचे. आपण या घरात पाहुणे नाही हे खरं, पण हा डबा भरायचा राहिला तर परत जावं लागेल हेही खरं, हे मला तेव्हा कळायचं.

लिहिण्यात मी बरा होतो. दोन वर्षं पास होत आलो. अडचण बोलण्याची होती. गावाकडच्या शाळेत आम्ही बाकावर बसून एका सुरात उत्तरं म्हणायचो. एकट्यानं उभं राहून कुणी काही बोलायचं नसे. कॉलेजात दुसऱ्या वर्षी इतिहासाच्या वर्गात निबंधवाचनाला उभा राहिलो आणि तोंडातून शब्दच फुटेना. मी खाली बसलो. मागच्या बाकावर अक्कलकोटचा एक मित्र बसायचा, तो म्हणाला, "बसला की रे हा. तिकीट काढलं आणि गाडीतच चढला नाही." सगळे हसले. सरांनी दया करून माझा कागद घेतला आणि लिहिलेल्यावर गुण दिले.

तिसऱ्या वर्षी त्यांनी मला आधीच बोलावून सांगितलं, "या वेळी सेमिनारला बाहेरून परीक्षक येणार आहेत. कागद घेऊन चालणार नाही. पंधरा मिनिटं उभं राहून बोलावं लागेल. बोलला नाहीस तर मला गैरहजर लिहावं लागेल." गैरहजर म्हणजे त्या विषयात नापास. नापास म्हणजे मार्केट यार्ड.

विषय चिठ्ठ्या टाकून वाटले. पेपर अमेरिकेच्या इतिहासाचा होता. मित्राला युद्ध मिळालं. मला चिठ्ठी आली ती 'सुरुवातीच्या काळातलं रोजचं जीवन'.

"आम्ही तोफा डागतो," मित्र म्हणाला, "तू त्यांची भांडी घास."

ग्रंथालयात त्या विषयावर एकच जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं. शब्दकोश शेजारी ठेवून मी रोज एक-दोन पानं वाचायचो. चुली, मेणबत्त्या, गोधड्या. बोलण्यासारखं काही हाती लागत नव्हतं. एका दुपारी पान उलटलं आणि समोर आत्याचा डबा होता.

अर्थात तो आत्याचा नव्हता. दोनशे वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या कुणा बाईनं वापरलेला तो होता. लांबट गोल, पुठ्ठ्याचा, वरून निळा कागद आणि त्या कागदावर पक्षी. पक्ष्याचा रंग जरा सरकलेला. खाली माहिती होती, ती मी दोनदा वाचली. भिंतींना लावायच्या छापील कागदाचे उरलेले तुकडे घेऊन असे डबे करत. शिवण दोऱ्यानं घालत. आतून जुनं वर्तमानपत्र लावत. त्यात बायका टोप्या, फिती, कंगवे ठेवत. गावाकडच्या मुली घोडागाडीत बसून शहरातल्या कापडगिरण्यांत कामाला जायच्या, तेव्हा हा डबा मांडीवर घेऊन जायच्या.

मी फोनवर त्या पानाचा फोटो काढला आणि तसाच घरी आलो. आत्या ओट्यावर बसून घेवडा निवडत होती. मी फोटो तिच्यापुढे धरला.

"कुणी केलाय?" तिनं विचारलं. "झाकणाचा काठ लई रुंद घेतलाय."

"अमेरिकेतल्या बायकांनी. दोनशे वर्षांपूर्वी."

"आन् आत काय ठेवायच्या?"

"टोपी."

"टोपीला येवढा डबा?" मामा आतून ओरडले. "माजी टोपी तर खिशात मावती!"

मी सांगितलं, की गिरणीत कामाला जाणाऱ्या पोरी हा डबा मांडीवर घेऊन गाडीत बसायच्या. आत्याचा घेवडा थांबला. तिची सासू सोलापूरच्या गिरणीत होती. आत्या स्वतः कारखान्यात.

"आमच्यावानी?" ती म्हणाली.

"व्हय. तुमच्यावानी."

तिनं फोटो पुन्हा हातात घेतला आणि बराच वेळ पाहिला. मग म्हणाली, "तोंडानं सांगायला जमत न्हाय ना तुला? मग डबाच ने. हातात काय तरी आसलं की माणूस बोलतंय. मोकळ्या हातानं उभा ऱ्हायला की गडबडतंय."

लांबट गोल डबा तिनं कधी केला नव्हता. पुठ्ठा ओला करून वाकवायचा हे तिला ठाऊक होतं, पण कशाभोवती? शेवटी तिनं पिठाचे दोन स्टीलचे डबे एकमेकांना चिकटवून बांधले आणि ओला पुठ्ठा त्यांच्याभोवती गुंडाळून सुतानं आवळला. आमचं ऊन भरवशाचं. पण त्या उन्हात पुठ्ठा झटकन सुकला असता तर तडकला असता, म्हणून डबा दोन दिवस कॉटखाली सुकत पडला. पीठ दोन दिवस परातीत उघडं होतं. मामा भाकरी खाताना म्हणायचे, "आमेरिकेपायी घरात किडे पडणार." पण कॉटखाली वाकून डबा सुकला का हे तेच बघायचे.

बाहेरून तिनं निळ्या पक्ष्यांचा कागद लावला. चिमण्या होत्या का पारवे, ते रंग सरकल्यामुळे कळत नव्हतं. अगदी पुस्तकातल्यासारखं झालं. आतून वर्तमानपत्र लावायचं होतं. त्याचा आत्याचा एक नियम होता. ज्या पानावर 'श्रद्धांजली'ची जाहिरात असेल ते पान कुणाच्या डब्यात लावायचं नाही. माणूस रोज डबा उघडणार, त्याला पहिल्यांदा गेलेल्या माणसाचं तोंड दिसायला नको. वाचता येत नसल्यामुळे ती फोटो बघून ठरवायची. फोटोला हार असेल तर पान बाजूला. पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा असतील तर ते पान चालायचं. आमच्या घरातल्या निम्म्या डब्यांच्या आतून कुणी ना कुणी भाऊ किंवा दादा हात जोडून उभे असायचे.

त्या संध्याकाळी मी भिंतीकडे तोंड करून पाठ केलेलं म्हणत होतो. मागे आत्या खळ लावत होती. डबा तयार झाला. कामगार मुलींची टोपी कुठून आणायची म्हणून मामांनी आपली पांढरी टोपी आत ठेवली. "आमेरिकेत माजी टोपी गेली म्हणून सांग," ते म्हणाले.

सकाळी सेमिनारला निघालो. निघताना आत्यानं काही उपदेश केला नाही. चपट्या डब्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाली, "जा."

वर्ग भरला होता. सरांच्या शेजारी बाहेरून आलेल्या मॅडम बसल्या होत्या. चष्म्यातून बघणाऱ्या, कमी बोलणाऱ्या. माझं नाव घेतलं. मी डबा टेबलावर ठेवला. दोन वाक्यं बरी गेली. तिसरं आठवेना. पुन्हा तेच झालं. सरांच्या हातात पेन होतं आणि त्यांची नजर हजेरीच्या कागदावर गेली, ते मला दिसलं.

आत्या म्हणाली होती, हातात काहीतरी असलं की माणूस बोलतं. मी झाकण उघडलं. टोपी काढून वर धरली. पुढं काय बोलायचं ते आठवावं म्हणून आत पाहिलं, तर तळातून एक म्हातारे गृहस्थ माझ्याकडे बघून हसत होते. फोटोला हार नव्हता. कोट, टाय, हसरा चेहरा. आणि खाली ठळक अक्षरांत 'भावपूर्ण श्रद्धांजली'.

पहिल्या बाकावरच्या मुलीनं मान उंचावून बघितलं आणि ती फस्सकन हसली. मित्र मागून उठून उभा राहिला.

"अरे, आजोबांना कशाला कोंडलंय डब्यात?"

सगळा वर्ग हसला. सरसुद्धा. काय झालं ते मला एका क्षणात कळलं. हार नव्हता म्हणून आत्यानं हे पान वाढदिवसाचं समजून लावलं होतं. मलाही हसू आलं. घरी मामांना उत्तर द्यावं तसं मी मित्राला म्हणालो, "म्या न्हाय कोंडलं. आमच्या आत्यानं कोंडलंय. तिला वाटलं, ह्यांचा वाढदिवस हाय."

वर्ग पुन्हा हसला, पण या वेळी ते माझ्याबरोबर हसत होते. हसू थांबल्यावर मॅडम म्हणाल्या, "म्हणजे काय? नीट सांगा."

मी नीट सांगितलं. पाठ केलेलं सगळं विसरलो होतो, त्यामुळे जे ठाऊक होतं तेवढंच सांगितलं. आत्याचा नियम सांगितला. हाराचा फोटो, बिनहाराचा फोटो. मग म्हणालो, की अमेरिकेतल्या डब्यांच्या आतही असंच वर्तमानपत्र आहे. जुन्या जाहिराती, बातम्या, कुणाचं काय हरवलं, काय विकायचं आहे. डबा करणाऱ्या बाईनं ते कुणासाठी जपून ठेवलं नव्हतं. तिला फक्त पुठ्ठा वाकू द्यायचा नव्हता. पण आज कुणी झाकण उघडतं तेव्हा त्याला त्या कागदावरून कळतं, की हा डबा त्या दिवसाच्या आधीचा नाही. राजांनी आपली तारीख दगडावर कोरून ठेवली. या बायकांची तारीख डब्याच्या आत चिकटून राहिली, त्यांना न विचारता.

"आणि या आजोबांचं काय?" मॅडमनी विचारलं.

"उद्या कुणाला हा डबा सापडला," मी म्हणालो, "तर त्याला कळेल, की सोलापुरात एक गृहस्थ वारले, त्यांच्या माणसांनी त्यांचा हसरा फोटो निवडला, आणि त्यानंतर एका बाईनं हा डबा केला. त्या बाईला वाचता येत नव्हतं हेसुद्धा त्याला कदाचित कळेल. हुशार असला तर."

मग मी गिरणीतल्या मुलींवर आलो. घोडागाडी, मांडीवरचा डबा, शहरात कुणाच्या तरी घरी भाड्याची अर्धी खोली आणि त्या खोलीत आपली म्हणावी अशी एकच वस्तू. ते सांगताना मला फळीवरचे माझे घोडे दिसत होते. सरांनी घड्याळ दाखवून थांबवलं तेव्हा पंधरा मिनिटं केव्हाच उलटून गेली होती. कुणी थांबवेपर्यंत मी बोलत राहिलो, हे माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच घडलं.

मॅडम उठून टेबलापाशी आल्या. झाकण लावलं, काढलं, परत लावलं. शिवणीवरून बोट फिरवलं. "हा इथंच राहू द्या," त्या सरांना म्हणाल्या, "विभागाच्या काचेच्या कपाटात." मित्र जवळ आला. मला वाटलं आता टोमणा मारणार. तो म्हणाला, "तोफा फुसक्या निघाल्या रे माझ्या. आत्याला सांग, माझ्या बहिणीच्या रुखवताला एक डबा पाहिजे. आजोबा नको आत."

घरी येऊन सांगितल्यावर आत्यानं तोंडावर हात धरला.

"आगं बया! हार न्हवता की रं त्यांना. चांगलं हसत हुते."

"अगं, पण त्यांच्यामुळेच बोलता आलं मला."

"तरी बी. आपण बिनवळखीचं माणूस डब्यात घातलं." थोडा विचार करून ती म्हणाली, "तोंड वर आलं हुतं नव्हं? उलटं न्हवतं लावलं?"

"नाही. सरळ होते."

"मग बरं झालं." तिनं देवापुढे एक उदबत्ती जास्त लावली. मामा म्हणाले, "आपल्या खानदानात पोरगं बोलाया लागलं ते एका म्हाताऱ्यानं बोलतं केलं. त्याच्या नावानं च्या टाक."

निकाल फोनवर आला. मी पास होतो आणि इतिहासात वर्गात पहिला होतो. मोहोळला फोन केला तेव्हा वडील यार्डात होते. ते म्हणाले, "बरं झालं." मग फोन बाजूला धरून कुणाला तरी जोरात सांगितलेलं ऐकू आलं, "पोरगं बीए झालं माजं." पलीकडून शिट्ट्या ऐकू आल्या.

मी फोनवरचा निकाल आत्यापुढे धरला. तिनं बघितलं, हात पुसले, पुन्हा बघितलं.

"आन् कागद कुटं हाय?"

कागद पदवीदानानंतर मिळतो, त्याला काही महिने लागतात, असं मी सांगितलं. तिनं मान हलवली आणि चपट्या डब्याला हातही लावला नाही. ज्वारी आतच राहिली.

पुढं मला करमाळ्याला एका शाळेत शिकवायचं काम मिळालं. निघताना आत्यानं घोड्यांचा डबा माझ्याबरोबर दिला नाही. "त्यो फळीवरच ऱ्हाणार," ती म्हणाली. तिनं मला दिली ती फक्त दोन गाठींची सुताची दोरी. "कागद हातात आला की माप घिऊन बग. आन् मला फोन नगं करू. फोन डब्यात ठेवता येत न्हाय. तुज्या मामाच्या डब्यात कारखान्याचं कागद हाईत, तुज्या डब्यात शाळंचं हाईत. मला मेलीला कुणी कवा कागद धाडला न्हाय. तू धाड."

आज मी रोज चाळीस मुलांपुढे उभा राहून बोलतो. हातात खडू असतो. कागद मिळाल्यावर मी आत्याला पत्र धाडलं, त्याला फार दिवस झाले नाहीत, म्हणून ते मला अजून पाठ आहे. ते इथं तसंच उतरवतो.

*

करमाळा

आत्या,

आधी मामांना सांग, पत्र जरा हळू वाचा. गल्लीला ऐकवायचं नाही. ऐकवलं तरी चालेल.

काल सोलापुरात कॉलेजात येऊन गेलो, पण घरी आलो नाही. रागावू नको. तुला कागद टपालानं यायला पाहिजे होता, म्हणून आधी हा पत्राचा कागद धाडतो. तो तुझ्या कमळाच्या डब्यात ठेव. बांगड्यांच्या खाली नको, वर ठेव.

पदवीचा कागद मिळाला. माझं नाव त्यावर छापलंय, त्याच्याशेजारी बाबांचं आहे. तुझं नाव छापायची त्यांच्याकडे सोय नाही. ती सोय डब्यावर आहे, तिथले मोर म्हणजे तुझंच नाव.

तुझ्या दोरीनं माप घेतलं. लांबीची गाठ बरोबर बसली. रुंदीची गाठ बरोबर बसली. शिकवणीच्या बाईंना सांग.

विभागात गेलो होतो. निळा डबा काचेच्या कपाटात आहे. आजोबा बरे आहेत. झाकण उघडं ठेवलंय, त्यामुळे येणारी-जाणारी पोरं त्यांच्याकडे बघतात आणि ते त्यांच्याकडे बघून हसतात. खाली चिठ्ठी लावलीय, 'सोलापुरातील टॉवेल कारखान्यात काम करणाऱ्या बाईंनी केलेला डबा'. तिथं तुझं नाव घालायला सांगितलंय. सर घालतो म्हणाले.

रविवारी मी येतो. बाबाही मोहोळहून येणार आहेत, यार्डाला सुट्टी टाकून. चपटा डबा फळीवरून खाली काढून ठेव, पण झाकण उघडू नको. आम्ही आल्यावर उघड. कागद मी ठेवणार नाही, तूच ठेवायचा.

आतले दाणे या वेळी चिमण्यांना टाकू नको. बाबा म्हणालेत, दाण्यांनी राखण चांगली केली, त्यांना पेरायचं.